आण्णांचा हँडब्रेक

तृतीय वर्ष कला (मराठी)

हँडब्रेक ह्या विषयावर कला शाखेच्या विद्यार्थिनीने लेख द्यावा, ह्याचे संपादक मंडळातील माझ्या मैत्रिणींना फार हसू आले. "अगं, हा लेख इंजिनिअरिंगवाल्यांच्या अंकाला पाठव," असे एकीने सुचवलेदेखील. खरे तर मी पावसावर लिहिणार होते. आपल्या अंकात दर वर्षी पावसावर निदान चार लेख असतात आणि प्रथम वर्षाला असताना त्यांतला एक माझाच होता. पण आता पाऊस आला की मला मृद्गंध वगैरे काही आठवत नाही. गाडीच्या मागच्या उजव्या चाकाजवळची एक काळी वायर तेवढी आठवते. त्याला माझा इलाज नाही.

आमचे गाव राधानगरीच्या पलीकडे, फोंडा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत. माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, बावीस वर्षे वडाप करीत होते. १९९९ साली कर्ज काढून घेतलेली जुनी जीप त्यांनी २०२१ साली भंगाराच्या भावात विकली. ह्या जीपमध्येच मी लहानाची मोठी झाले, असे म्हटले तरी चालेल. वडापच्या जीपमध्ये जागा ही वस्तू नसतेच. त्यामुळे आण्णांच्या शेजारी दोन माणसे आणि त्यांच्यामध्ये मी, अशी माझी बसण्याची व्यवस्था असे. माझ्या गुडघ्याला लागून हँडब्रेकचा दांडा. त्याची मूठ घासून घासून गुळगुळीत झालेली होती.

आण्णा तो दांडा ओढीत तेव्हा 'कर्र कर्र कर्र' असा आवाज होई. एकेका दात्याचा एकेक आवाज. सपाटीवर तीन दाते, चढाला पाच. सहावा दाता वाजला की आण्णा म्हणत, "केबल सैल झाली. आता आवळाय पायजे." म्हणजे रोगाचे निदान त्यांच्या तळहातानेच केलेले असे. मिस्त्रीकडे जायचे ते फक्त औषधासाठी. दांडा ओढला की त्याची केबल मागच्या दोन्ही चाकांच्या ड्रमपर्यंत ताण पोचवते, एवढे यंत्रशास्त्र मला चौथीतच ठाऊक होते. दांडा वर असला म्हणजे गाडी बांधलेली, खाली असला म्हणजे सुटलेली. गोठ्यातल्या म्हशीइतके सोपे.

जीप विकल्यावर आण्णा एका मालकांच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून राहिले. मालकांचे आमच्या भागात पाहुण्यांसाठी बांधलेले घर आहे. त्यांनी जुन्या बाजारातून एक चारही चाकांना जोर असलेली, उंच, चकचकीत गाडी आणली. पाहुण्यांना सड्यावर न्यायचे, दरी दाखवायची आणि परत आणायचे, हे आण्णांचे काम. गाडीचे नाव मी लिहीत नाही. ते माझ्या दृष्टीने महत्त्वाचे नाही आणि सगळा दोष गाडीचा होता असेही नाही.

ह्या गाडीत दांडाच नव्हता! दोन बैठकींच्या मध्ये बोटाएवढे एक बटण होते. ते वर ओढायचे. मागच्या चाकांतून 'घूंऽ' असा बारीक आवाज येतो आणि समोरच्या तबकडीत तांबडा दिवा लागतो. झाले. बटण सोडले की ते आपले परत जागच्या जागी. आण्णा पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा म्हणाले, "ब्रेक हाय का न्हाई, कळतच न्हाई गं. दिव्याला इचारायचं." मी त्यांना म्हटले, "आण्णा, जग पुढे गेलं." हे वाक्य आता मला फार टोचते.

आत काय असते ते मला पुढे कळले. मागच्या प्रत्येक चाकाच्या ब्रेकवर मुठीएवढी एक विजेची मोटार बसवलेली असते. ती बारीक दात्यांच्या चाकांमधून एक स्क्रू फिरवते, स्क्रू पिस्टनला पुढे ढकलतो आणि पिस्टन ब्रेकचे पॅड लोखंडी तबकडीवर दाबून धरतो. स्क्रू असा असतो की वीज गेली तरी उलटा फिरत नाही. म्हणून बॅटरी उतरली तरी लावलेला ब्रेक सुटत नाही, मात्र तो आपल्याला सोडवताही येत नाही. आवळणे पुरे झाले हे मोटारीला कसे कळते? घट्ट आवळताना मोटार जास्त वीज खाते. ठरलेल्या आकड्यापर्यंत ती गेली की गाडीतला संगणक म्हणतो, बास. थोडक्यात, आण्णांचा तळहात जे काम करीत असे ते आता विजेचा प्रवाह मोजून होते. योजना उत्तम आहे, मी तिला नावे ठेवणार नाही. पण ही वीज चिखल-पाण्यातून धावणाऱ्या चाकापर्यंत एका वायरीतून जाते, आणि ती वायर गाडीच्या पोटाखाली उघड्यावर असते.

आमच्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. शाहू महाराजांनी हाती घेतलेले हे धरण. पाणी ठरावीक पातळीला चढले की हे दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. बटण नाही, वीज नाही. दर पावसाळ्यात मी ते पाहते. 'स्वयंचलित' हा शब्द मी तिथे शिकले, म्हणूनच बहुधा माझ्या मनात त्या शब्दाविषयी नको तितका विश्वास होता.

२०२४ च्या सप्टेंबरात एके संध्याकाळी आण्णा गाडीच्या खणातले जाड इंग्रजी पुस्तक घेऊन घरी आले. "पोरी, मधनंच एक पिवळा दिवा लागतोय. पावसात लागतो, ऊन पडलं की इझतो. ह्यात काय लिवलंय बघ जरा." मी त्या वेळी वक्तृत्व स्पर्धेची तयारी करीत होते. विषय होता 'यंत्रयुगातील माणूस'. मी पुस्तक कपाटावर ठेवले आणि "उद्या बघते" म्हणाले. उद्या मी पाहिले नाही. परवाही नाही. चार दिवसांनी आण्णांनी पुस्तक मुकाट्याने उचलून परत गाडीत नेऊन ठेवले. स्पर्धेत मला दुसरे पारितोषिक मिळाले.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस सरता सरता ते घडले. मी तिथे नव्हते. जे सांगते ते आण्णांकडून ऐकलेले. पुण्याकडचे पाच पाहुणे होते, त्यांत एक म्हाताऱ्या आजी. सड्याच्या वरच्या अंगाने गाडी तीव्र उताराने खाली आली. वाट तांबड्या मुरुमाची, सकाळच्या सरीने ओली. दरी दिसते त्या वळणाच्या अलीकडे, तोंड उताराकडे करून आण्णांनी गाडी थांबवली. आण्णा नेहमी इंजिन बंद करून गिअर टाकून उतरतात. पण आजींना उतरवत नव्हते. त्यांचा जीव कोंडत होता म्हणून एसी चालू हवा होता. म्हणून इंजिन चालू, गिअर न्यूट्रल आणि सगळा भार त्या बटणावर. बाकीचे कड्याशी गेले, फोटो काढू लागले. आण्णा आजींना पाणी देऊन त्यांची बाटली मागे ठेवायला वळले. दहा-बारा मिनिटे गेली असतील. गाडी हलली.

ती धावली नाही, नुसती घसरू लागली. आण्णा दार धरून धावले, पण आत शिरायला जमले नाही. वीसेक फुटांवर जांभ्या दगडाचा एक जुना बांध आणि त्यावर करवंदीची जाळी आहे, तिथे बंपर आपटून ती थांबली. बांधाच्या पलीकडे काय आहे ते आमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको. आजींना काही झाले नाही. त्या एवढेच म्हणाल्या म्हणे, "निघालो का आपण?"

पाहुण्यांनी मालकांना फोन केला. ड्रायव्हर हँडब्रेक लावायलाच विसरला. मालकांनी त्याच संध्याकाळी किल्ली काढून घेतली.

नोकरी जाण्याचे दुःख आमच्या घराला नवीन नाही. पण आण्णांना लागले ते वेगळेच. तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठले तर ते अंधारात चौकटीशी बसलेले. उजव्या हाताची दोन बोटे हवेत वर ओढीत होते आणि पुन्हा खाली आणीत होते. मला पाहून म्हणाले, "मी वडलं हुतं का गं?" मी म्हटले, "ओढलं असणारच." ते म्हणाले, "तांबडा दिवा लागला हुता असं वाटतंय. पर तो दिवा आठवतोय तो त्या दिवशीचा, का आदल्या दिवशीचा?"

मला त्या क्षणी आमच्या जीपचा दांडा आठवला. जीप घसरली असती तर दांडा वर उभा दिसला असता. चार माणसांनी पाहिला असता. बटण मात्र ओढले तरी जागेवर आणि न ओढले तरी जागेवर. बावीस वर्षांत ज्या माणसाने एका प्रवाशाला ओरखडा येऊ दिला नाही, त्याला स्वतःच्या हाताची खात्री उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला आले नाही. (आमच्या मराठीच्या सरांनी त्या दिवसाची गैरहजेरी लावली आहे, ती योग्यच आहे.) गाडी बंपर सरळ करायला तालुक्याच्या मिस्त्रींकडे आली होती. ते आण्णांचे जुने दोस्त. जीपच्या काळापासून त्यांनी आण्णांकडून मजुरीपेक्षा चहाच जास्त घेतलेला. मी आण्णांना जवळजवळ ओढतच तिथे नेले आणि खणातले पुस्तक काढून पायरीवर बसले. पिवळ्या दिव्याचे पान मिळायला मला पाच मिनिटे लागली. अवघी पाच मिनिटे. त्यात लिहिले होते की हा दिवा म्हणजे पार्किंग ब्रेकच्या यंत्रणेत बिघाड. ताबडतोब तपासून घ्यावे, तोवर गाडी उतारावर उभी करू नये, करावीच लागली तर चाकाला अडण लावावी. तांबडा दिवा स्थिर असेल तर ब्रेक लागला, लुकलुकत असेल तर पुरता लागलेला नाही. "आण्णा, स्थिर होता का लुकलुकत होता?" आण्णांनी मान हलवली. वरून ऊन पडले होते, दिसले नाही.

मिस्त्रींनी पुढच्या चाकांना दगड लावले आणि आधी बॅटरीवर संशय घेतला. मालकांनी टपावर चार जादा दिवे बसवून घेतले होते, ते बॅटरी खात असणार. मीटर लावला. ११.९ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असावी. "ही बघा, मेलेली हाय," मिस्त्री म्हणाले. पण लगेच स्वतःच थांबले. "त्या वक्ती इंजिन चालू हुतं न्हवं?" इंजिन चालू असताना वीज अल्टरनेटर पुरवतो, चौदा व्होल्टपर्यंत. म्हणजे बॅटरी आजारी खरी, पण गुन्हेगार ती नव्हे. फ्यूज पाहिला, तो शाबूत.

मग त्यांनी आण्णांना गाडीत बसवले. स्वतः डाव्या चाकाशी कान लावून आडवे झाले आणि मला उजव्या चाकाशी बसवले. "वडा." आण्णांचा हात बटणापर्यंत जाऊन थांबला. त्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच त्या बटणाला हात लावीत होते. मग त्यांनी ओढले. डावीकडून 'घूंऽ' असा आवाज आला. माझ्याकडे काहीच नाही. पुन्हा ओढायला लावले. पुन्हा डावीकडे 'घूंऽ', माझ्याकडे चिमणीच्या पंखाएवढी 'टक्' आणि शांतता.

आता आले वायरीवर. त्यांनी उजव्या मोटारीची वायर दोन्ही टोकांना सोडवली आणि मीटरने पाहिली. मीटर 'पीऽ' वाजला. म्हणजे वायर अखंड! मी निराश झाले. मोटारच जळली असेल, म्हणजे मोठा खर्च. पण मिस्त्री हसले. "मीटर लबाड असतंय, बल्ब न्हाई." त्यांनी हेडलाइटचा एक जुना बल्ब आणला, वायरीच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला बल्ब जोडला. बल्ब लागला, पण विझत्या निखाऱ्यासारखा तांबूस. मीटरला बोलायला केसभर तांबे पुरते. मोटार फिरवायला, तसाच तो बल्ब पेटवायला, पुरी वायर लागते.

मग त्यांनी डोळे मिटून वायरीवरून बोटे फिरवली, आमची आजी तांदळातले खडे काढायची तशी. चाकाच्या दांड्याजवळ बोटे थांबली. वायर धरून ठेवणारी प्लॅस्टिकची चिमटी तुटलेली होती. सड्यावरचा एखादा धोंडा लागला असेल, कुणास ठाऊक. सुटलेली वायर खड्ड्याखड्ड्याला लोखंडी दांड्यावर घासून वरचे आवरण फाटले होते. आत तांबडा चिखल शिरून वाळलेला. तो खरवडल्यावर खाली तांबे दिसले, हिरवेगार. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले तर जसा कळंक चढतो, तसा. वीसेक तारांपैकी चार-पाच शाबूत. पाऊस आला की पाणी आत जाऊन पिवळा दिवा लागे, ऊन पडले की वाळून विझे. "कुठं दुखतंय ते गाडी म्हैनाभर सांगत हुती," मिस्त्री म्हणाले. मी पुस्तकात डोके घातले.

पण आण्णांचे समाधान झाले नव्हते. एक चाक धरत नव्हते हे ठरले. पण बटण ओढले होते की नाही, हे त्यावरून कुठे ठरते? त्यांनी तसे विचारलेही. मिस्त्रींनी हात पुसले. "गाडी किती येळ उभी हुती?"

"धा-बारा मिंटं."

"त्या उतारावर, न्यूट्रलला, ब्रेक न वडता धा मिंटं उभी ऱ्हाती व्हय? तुमी पाय काढल्याबरोबर सुटली असती."

"मग वडल्यावर तरी धा मिंटांनी का सुटली?"

मिस्त्री लोहाराच्या घरचे. ते म्हणाले, बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना काय करतात? लोखंडी धाव तापवायची, ती फुगते, चाकावर बसवायची आणि पाणी मारायचे, की आक्रसून घट्ट बसते. इथे त्याच्या उलट. तीव्र उतार ब्रेक दाबत दाबत उतरल्याने तबकड्या तापून फुगल्या होत्या. त्या फुगलेल्या तबकडीवर डाव्या मोटारीने ब्रेक आवळला. गाडी उभी राहिली. मग तबकडी निवत गेली, आक्रसली, पकड सैल झाली. एरवी ही यंत्रणा थोड्या वेळाने पुन्हा एकदा आवळून घेते आणि दोन चाके असतात. इथे एकच चाक, ओला मुरूम आणि उतार. कोल्हापूरहून स्कॅनर घेऊन आलेल्या पोऱ्याने दुपारी गाडीला यंत्र जोडले, तेव्हा त्यातही उजव्या मोटारीच्या जोडणीचाच बिघाड नोंदलेला निघाला.

आण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हंजे मी वडलं हुतं." आणखी काही बोलले नाहीत.

दुरुस्तीचे फार सांगण्यासारखे नाही. तेवढ्याच जाडीची नवी वायर घातली, डाख दिला, आकसणारी नळी चढवली आणि दांड्यापासून लांब नवी चिमटी लावून बांधली. पॅड झिजले होते म्हणून तेही बदलले. मिस्त्री सवयीने पिस्टन शिकंज्याने मागे दाबू लागले, तेव्हा त्या पोऱ्याने "काका, नको!" म्हणून हात धरला. ह्या ब्रेकमध्ये आधी स्कॅनरने सर्व्हिसची आज्ञा देऊन मोटारीनेच स्क्रू मागे न्यावा लागतो. जोर केला तर आतले दाते तुटतात. मिस्त्री एक क्षण रागावले, मग म्हणाले, "शिकीव बाबा." मला त्या दिवसातला हा क्षण फार आवडला.

घरी येताना मी आण्णांना सांगितले की ते पान मी सप्टेंबरातच वाचायला हवे होते. आण्णा म्हणाले, "तुझी स्पर्धा हुती." त्यांनी माझी समजूत घातली की मला सुनावले, हे मला अजूनही उलगडलेले नाही. आणि पिवळा दिवा दिसत असताना मालकांना सांगून गाडी उभी करायला हवी होती, हे त्यांनाही ठाऊक आहे. मालक "सीझन होऊ दे" म्हणाले असते, तरीही. ह्या बाबतीत आम्ही दोघे एकमेकांना काही विचारीत नाही.

मालकांनी माफी वगैरे मागितली नाही. आठ दिवसांनी एका मुलाबरोबर किल्ली पाठवून दिली.

आता आण्णा रोज संध्याकाळी साध्या पाण्याच्या पाइपने गाडीचे पोट धुतात. जोराच्या फवाऱ्याने नाही, त्याने जोडांत पाणी शिरते. धुऊन झाले की दोन्ही वायरींवरून बोटे फिरवतात. बॅटरी बदलून घेतली, टपावरचे दोन दिवे काढायला लावले. पाहुणे कितीही कुरकुरले तरी उतारावर इंजिन बंद, गिअर टाकलेला, चाके डोंगराच्या अंगाला वळवलेली. बाभळीच्या लाकडाचा एक पाचरीसारखा ठोकळा त्यांनी स्वतः तासून घेतला आहे, तो चाकापुढे लावल्याशिवाय कुणाला उतरू देत नाहीत. पाहुण्यांना त्या ठोकळ्याचे हसू येते. एकाने त्याचा फोटोही काढला.

आणि सुट्टीच्या दिवशी मी घरी असले की आण्णा मला हाक मारतात. मी उजव्या चाकाशी उकिडवी बसते. आतून ते बटण ओढतात, एसी बंद, काच खाली.

"वाजलं?"

"वाजलं, आण्णा."

"डावीकडं जा. परत वडतो."